पडक्या घराचा धनी कोण?

मुंबईत गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी ह्या जुन्या वस्त्यांत भाड्याची खोली असणे हे आजही भाग्याचे लक्षण समजले जाते. बाजार जवळ, आगगाडीचे स्टेशन जवळ, देऊळ व शाळा हाकेच्या अंतरावर, आणि जुने भाडे पाहावे तर घरच्या महिन्याच्या चहासाखरेहूनही कमी. परंतु ह्याच घरांच्या दारांवर पावसाळ्याच्या तोंडी 'इमारत धोकादायक आहे' अशा नोटिसा लागतात, आणि त्या वाचून भाडेकरू पुन्हा त्याच जिन्याने वर जातात. कारण त्यांस जावयास दुसरी जागा नसते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे प्राणास मुकली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत पुन्हा तोच अनर्थ झाला. अशा प्रत्येक प्रसंगी भाडेकरू मालकाकडे, मालक भाडेकरूकडे आणि दोघे मिळून सरकारकडे बोट दाखवितात. आमच्या मते ह्या तंट्याचे मूळ कोणा एकाच्या दुष्टपणात नसून कायद्याच्या रचनेत आहे. घराचे भाडे नाममात्र झाले म्हणजे त्याचा धनीही नाममात्र होतो, आणि मग त्याची डागडुजी करणारा कोणीच उरत नाही.

हा कायदा झाला कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. बांधकाम थंडावलेले, शहरात माणसांचा लोंढा वाढता, अशा वेळी भाडेकरूंची नाडणूक होऊ नये हा त्याचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धाने तोच प्रसंग पुन्हा आणला, आणि १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच सामान्यतः कायम केले. त्या काळी हे करणे योग्यच होते, असे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. परंतु तापाचे औषध ताप असेतोवरच द्यावयाचे असते. मुदतीचा म्हणून केलेला कायदा मुदत वाढवीत वाढवीत पन्नास वर्षे चालविला गेला, आणि त्या अवधीत धान्य, कापड, मजुरी, चुना, लाकूड ह्या सर्वांचे भाव वाढले. वाढले नाही ते एक भाडे.

भाडे वाढविता येईना व भाडेकरू काढता येईना, तेव्हा व्यवहाराने आपली आडवाट शोधली. ती म्हणजे पागडी. आमच्या व्यापारी वाचकांस हिची ओळख करून देण्याचे कारण नाही. रक्कम हातोहात, पावती मात्र जुन्या भाड्याची, आणि खोली किंवा गाळा दुसऱ्याच्या नावे करताना साधारणपणे तिसरा हिस्सा मालकाचा, असा हा रिवाज. १९४७ च्या कायद्याने हा गुन्हा ठरविला होता; आणि सारे शहर तो उघड करीत होते. जो कायदा प्रामाणिक गृहस्थासही मोडावा लागतो, तो इतर कायद्यांविषयीचा आदरही बरोबर घेऊन जातो. १९९९ च्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, हा व्यवहार कायदेशीर मानला, हे बरे झाले. पण पागडीचा पैसा मालकाच्या व जुन्या भाडेकरूच्या खिशात जातो. इमारतीच्या भिंतीस त्यातली दमडीही लागत नाही, हे वैगुण्य तसेच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य व मनमानीचे झाले आहे. ह्यावर नव्या कायद्याने काय केले? दरसाल शेकडा ४ वाढीची मुभा दिली. शंभर रुपये भाड्याची खोली घ्या. तिच्यावर महिना चार रुपये वाढ झाली. आता डागडुजीचे कलम पाहा. घर राहण्याजोगे ठेवण्याचे कर्तव्य मालकाचे. त्याने कसूर केल्यास भाडेकरूने नोटीस देऊन काम स्वतः करावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, परंतु वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नव्हे. वर्षाचे भाडे बाराशे, त्याचा चौथा हिस्सा तीनशे. इतक्या पैशांत आज जेमतेम एक पोते सिमेंट येते. कुजलेली सागाची तुळई बदलण्याची गोष्टच नको. मालकास कर्तव्य दिले पण साधन दिले नाही; भाडेकरूस हक्क दिला, पण त्या हक्काची किंमत एका पोत्याची ठेवली.

ही उणीव सरकारास दिसली नाही असे नाही. १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ निर्माण केले, आणि उपकर बसवून शहरातील १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आणल्या. पुढे हे काम म्हाडाकडे आले. परंतु मंडळाच्या खर्चास क्षेत्रफळाच्या हिशेबाने मर्यादा आहे, आणि इमारतीचे वय मात्र दरसाल वाढते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती म्हणजे टेकू, आणि टेकू म्हणजे पुढील पावसाळ्याची प्रतीक्षा. १९८६ साली आणखी एक उपाय निघाला : शेकडा ७० भाडेकरूंनी संस्था करून महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रकमेत घर सरकारमार्फत घ्यावे. मालक न्यायालयात गेले. तो वाद थेट नऊ न्यायाधीशांपुढे पोचला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने असे ठरले की प्रत्येक खासगी मिळकत समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. एका पिढीचे आयुष्य वादात गेले आणि घरे तशीच उभी राहिली.

कोणी म्हणेल, पाडा ही घरे आणि बांधा मनोरे. जे घर दुरुस्तीपलीकडे गेले ते पाडलेच पाहिजे. परंतु विकासक तेथेच येतो जेथे नफा आहे, अरुंद गल्लीतील लहान इमारतीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. शिवाय ह्यांतील कित्येक घरे शहराचा इतिहास आहेत. ओव्हल मैदानाभोवतीच्या व मरीन ड्राइव्हवरील इमारतींस २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मान मिळाला, पण नुसत्या मानाने गच्चीची गळती थांबत नाही. वॉटसन हॉटेलचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. इंग्लंडातून लोखंडी सांगाडा आणून उभारलेली ही इमारत. येथेच ७ जुलै १८९६ रोजी हिंदुस्थानात प्रथम सिनेमा दाखविला गेला. पुढे एस्प्लनेड मॅन्शन ह्या नावाने ती भाडेकरूंनी व आमच्या वकील बंधूंच्या कचेऱ्यांनी भरून गेली. २००५ साली तिचा काही भाग कोसळला, आणि २०१९ साली ती रिकामी करावी लागली. न्यायालयाच्या दारात, कायदा जाणणाऱ्यांच्या वस्तीत ही गत, तर डोंगरीच्या मजुराने काय करावे?

आमच्या सूचना तीन. पहिली, जुने भाडे टप्प्याटप्प्याने वाढवावे. परंतु ह्या वाढीचा पैसा मालकाच्या तिजोरीत न जाता त्या इमारतीच्या स्वतंत्र दुरुस्तीखात्यात जावा, खात्यावर मालक व भाडेकरू ह्या दोघांच्या सह्या असाव्यात, आणि पागडीच्या प्रत्येक हस्तांतरातील ठराविक हिस्साही तेथेच पडावा. दुसरी, विधवा, पेन्शनर व हातावर पोट असणारे भाडेकरू ह्यांची वाढ सरकारने भरावी. गरिबावर दया केलीच पाहिजे, पण तिचा खर्च साऱ्या समाजाने सोसावा. तो एका घरमालकाच्या माथी मारणे हा धर्म नव्हे. तिसरी, वारसा ठरलेल्या घरांस घरपट्टीत सूट द्यावी, आणि प्रत्येक जुन्या इमारतीच्या तपासणीचा अहवाल दारावर मराठीत लावावा, म्हणजे आपण कशाखाली निजतो हे लहानथोरांस कळेल.

भाडेवाढीच्या नुसत्या नावाने भाडेकरू संतापतील, हे आम्ही जाणतो. त्यांस आम्ही इतकेच विचारतो की, जे भाडे वाचले त्याने घर वाचले काय? आणि मालकांस विचारतो की, पागडीचा हिस्सा घेताना जे मालक असतात ते तुळई कुजल्यावर कोठे जातात?

तोवर जो कोणी जुन्या घरात बिऱ्हाड करणार असेल त्याने एवढे अवश्य पाहावे. भाडेपावती कोणाच्या नावे आहे, मालकाची लेखी संमती आहे काय, इमारत उपकराच्या यादीत आहे काय, आणि तिच्यावर कोणती नोटीस लागली आहे. करार नोंदलेला असावा. १९९९ च्या कायद्याने ती सक्तीच आहे. परवान्यावर, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने, राहणाऱ्याने मुदतीचा दिवस विसरू नये. मुदतीनंतर जागा अडविल्यास दुप्पट भरपाई पडते. एवढी सावधगिरी प्रत्येकाच्या हाती आहे. भाड्याचा व डागडुजीचा सांधा जोडणे मात्र विधिमंडळाच्या हाती आहे, आणि ते काम त्याने पुढल्या पावसाळ्यापूर्वी हाती घ्यावे.