कमानीपूर्वी पर्जन्यमापक

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रवेशद्वारी भव्य कमान उभारण्याचा संकल्प केला आहे आणि त्यासाठी निधीही जमू लागला आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी आम्हांस शाळेच्या आठवणी लिहावयास सांगितले होते. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु त्या निधीविषयी जे सांगावयाचे आहे ते आज सांगितले नाही, तर आणखी एक पावसाळा निघून जाईल. म्हणून आठवणींच्या जागी हा लेख. कमानीस आमचा विरोध नाही. तिचा क्रम मात्र आम्हांस मान्य नाही.

आपली शाळा ज्या आंबोलीत उभी आहे तेथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटक धबधब्याखाली भिजतात, भाजलेले कणीस खातात आणि परत जातात. त्या पाण्याचे पुढे काय होते हे विचारण्याचे त्यांना कारण नसते. आपल्याला ते आहे. हिरण्यकेशी येथे उगम पावते, पूर्वेस वळते, आजरा आणि गडहिंग्लजवरून कर्नाटकात संकेश्वरापाशी जाते, पुढे घटप्रभेस आणि घटप्रभेतून कृष्णेस मिळते. याच सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे पाणी तेरेखोल आणि तिळारीच्या खोऱ्यांतून बांदा-दोडामार्गकडून गोव्यात उतरते. गडहिंग्लजला पूर येतो तेव्हा तो कोल्हापूर जिल्ह्याचा पूर असतो, संकेश्वरला शिरला की कर्नाटकाचा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी सोडल्यावर गोव्यातील नदीकाठची गावे बुडाली, तेव्हा तो गोव्याचा पूर झाला. पाऊस एकाच डोंगरावर पडलेला असतो. नियंत्रण कक्ष मात्र निरनिराळे, भाषा निराळ्या आणि मदतीचे टेम्पोही निराळे.

हवामान बदलत आहे हे आता वर्गात शिकवावे लागत नाही, मुले घरूनच ते शिकून येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आपल्या जिल्ह्यातील आंबा-काजूच्या बागा आणि विजेचे खांब आडवे केले. त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली.

त्या जुलैमध्ये तेरेखोलच्या खोऱ्यातील एका गावी आम्ही मदत घेऊन गेलो होतो. कोल्हापूरच्या माजी विद्यार्थ्यांनी एक टेम्पो धाडला, गोव्यात नोकरीस असलेल्यांनी दुसरा. दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती. आम्हांसही दोघांची सांगड घालण्याचे सुचले नाही. दोन्ही टेम्पोंत चादरी, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या. दोन्ही टेम्पो मुख्य रस्त्यावरच्या एकाच सभागृहापाशी उतरले. तेथे आधीच तीन गाड्यांचा माल पडून होता आणि तोही चादरींचाच. सायंकाळी कोणी तरी सांगितले म्हणून वहाळ ओलांडून वरच्या अंगाच्या वाडीत गेलो. तेथील एका म्हातारीच्या ओटीवर तीन नव्या चादरी घडीही न मोडता ठेवलेल्या होत्या. चौथी पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "माका चादर नको, रांधूक टोप होयो." तिची भांडी वाहून गेली होती आणि दोन दिवस ती शेजारणीच्या चुलीवर शिजलेले खात होती. आमच्याजवळ टोप नव्हता. परतीच्या वाटेवर टेम्पोत कोणीच बोलले नाही.

ही चूक आमची होती, हे आधी सांगतो. परंतु आमच्यासारखीच ती अनेकांची असते, कारण संकटकाळी मदत करणाऱ्यांचा एकमेकांशी संबंध संकट आल्यानंतर जुळू लागतो. जे बारा महिने हवामान-अनुकूलनाचे काम करतात, त्यांचे जग तर आणखी वेगळे. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने कांदळवने राखण्याचे आणि खेकडापालनासारख्या उपजीविकांचे काम झाले आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवितात. हे काम चांगले आहे, आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन ते पाहावयास गेलो आहोत. परंतु ते खाडीशी सुरू होते आणि खाडीशी संपते. घाटमाथ्यावर कलती जमीन, मुरलेले पाणी आणि पायथ्याची वस्ती यांचा विचार त्या कामात येत नाही. किनाऱ्याचे प्रकल्प आणि डोंगराची दरड ही दोन वेगळी खाती होऊन बसली आहेत.

आणि सर्वांत अवघड प्रश्न यादीचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ठाकर आदिवासींची ती वाडी. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता, बचावपथके चालत चढली. नंतर शासनानेच सांगितले की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. २०१४ साली माळीणमध्ये १५१ माणसे गेली, त्या गावातही बहुसंख्य आदिवासीच. उताराच्या कडेला, वहाळाच्या काठी, सपाट जागा संपल्यावर जी जागा उरते तेथे कोण राहतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास विचारावे लागत नाही. आपल्या कित्येक गावांत बौद्धवाडी कोणत्या बाजूस आहे ते आठवून पाहावे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ६१ नुसार मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समूह, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. आदल्याच वर्षीच्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलित कुटुंबांना मदतछावण्यांत वेगळे काढल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केलेल्या आहेत, म्हणून या कलमाचे मोल आम्ही जाणतो. आमच्याकडे सहसा असे उघडपणे कोणी करीत नाही. येथे वगळण्याचे काम कागद करतो. बागेची भरपाई सातबाऱ्यावर मिळते; ज्याने दहा वर्षे ती कलमे राखली त्या गड्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. घराची भरपाई घरपट्टीच्या नोंदीवर मिळते. एका घरात तीन भावांच्या तीन चुली असल्या तरी नोंद बापाच्या नावाची एकच. आंबोली, गेळे आणि चौकुळ येथे तर कबुलायतदार गावकर जमिनींचा संस्थानकाळापासून चालत आलेला गुंता आहे आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचेही नाव कागदावर दिसेनासे झाले. पंचनामा करणारा तलाठी दुष्ट असतो असे नाही. त्याच्या हातातील वही जुनी असते.

ही वही कोणी तयार करावी आणि कोणत्या क्षेत्रासाठी, यावर आपल्याला मार्गदर्शन शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९४३ च्या पुरात दामोदर नदीचा बांध फुटला आणि कलकत्त्याचा रेल्वेसंपर्क तुटला. नदी उगम पावत होती तेव्हाच्या बिहारात, बुडवीत होती बंगालला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींची परिषद घेतली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ओरिसातील नद्यांसाठी कटकला दुसरी परिषद झाली. प्रांताची सीमा बाजूस ठेवून संपूर्ण खोरे हाच नियोजनाचा घटक मानावा, ही भूमिका त्यामागे होती. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ त्यातूनच साकारले. त्या धरणांनी पुढे हजारो कुटुंबांना, त्यांत बहुतांश आदिवासींना, विस्थापित केले हेही आपण झाकून ठेवू नये. परंतु 'खोरे' ही कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही. बाबासाहेबांच्या जयंतीस आपण संविधानावर बोलतो, मनुस्मृतिदहनावर बोलतो. त्यांच्या पाणीविषयक कामावर भाषण केलेला विद्यार्थी आमच्या आठवणीत एकही नाही. तो दोष अर्थात शिकविणाऱ्यांचा.

आता प्रश्न असा की एका निवासी शाळेने यात काय करावे. बांगलादेशात १९७० च्या वादळात लाखो माणसे मेल्यानंतर शासन आणि रेड क्रॉस यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभी केली, ती आजही कार्यरत आहे. हे फार मोठे उदाहरण झाले. आपल्या मापाचे उदाहरण केरळातील वायनाडचे आहे. तेथे ह्यूम सेंटर नावाची संस्था ठिकठिकाणी साधी पर्जन्यमापके ठेवून रोजचा पाऊस नोंदविते. २०२० साली तिच्या इशाऱ्यावरून मुंडक्कई परिसरातील कुटुंबे हलविली गेली आणि दरड आली तेव्हा ती वाचली. ३० जुलै २०२४ च्या आदल्या दिवशीही संस्थेने प्रशासनास धोका कळविला होता. या वेळी तो वेळेत वस्तीपर्यंत पोहोचला नाही. दोनशेहून अधिक माणसे गेली. मोजणारा होता, ऐकणाऱ्याशी त्याचे नाते पक्के झालेले नव्हते.

आपल्या आंबोलीपुरती आणखी एक अडचण आहे. हवामान खाते २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की 'अत्यंत जोरदार' म्हणते. आंबोलीत आषाढात असा दिवस नवलाचा नाही. त्या आकड्यावर घाबरावयाचे ठरविले तर लोक दर आठवड्यास घर सोडतील आणि चौथ्या वेळी कोणीही सोडणार नाही. सलग किती दिवसांच्या किती पावसानंतर येथील कोणता उतार सुटतो, हे येथेच वर्षानुवर्षे मोजूनच कळेल. त्या मोजणीस शाळेहून योग्य ठिकाण कोणते? मुले निवासी आहेत, पावसाळ्यात शाळा चालू असते आणि हवामान खात्याची मोजणीची वेळ सकाळी साडेआठची, म्हणजे परिपाठाच्या सुमाराची.

म्हणून आमची सूचना अशी. निधीतून प्रथम शाळेच्या आवारात एक आणि घाटाखाली व घाटावर मिळतील तितकी पर्जन्यमापके बसवावीत; हाताने मोजण्याची साधी पुरेत. नववीच्या मुलांनी वही ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीत फिरून चुलीनुसार यादी करावी: घरात कोण, म्हातारे किती, गरोदर बाई आहे का, सातबारा कोणाच्या नावे, रात्री हलावे लागले तर कोठे जाणार, आणि घराच्या वरच्या अंगास जमिनीस भेग, तिरके झालेले झाड वा अचानक फुटलेला झरा दिसतो का. ही यादी ग्रामपंचायतीस आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास पोहोच घेऊन द्यावी. जिल्हा आराखड्यात धोक्याची ठिकाणे नमूद करणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपण त्यांना नावे पुरवू. वाडी बौद्धांची असो, धनगरांची असो वा मराठ्यांची, यादीत चूल सुटता कामा नये.

आपले माजी विद्यार्थी आज गडहिंग्लजला आहेत, संकेश्वरला आहेत, म्हापशास आणि बांद्यास आहेत. कोणत्याही शासकीय खात्याकडे या दोन्ही खोऱ्यांत अशी ओळखीची माणसे नसतील. इकडे तीन दिवस पाऊस थांबला नाही की तिकडे एक फोन जावा, आणि टेम्पो निघण्यापूर्वी दुसरा फोन यावा: काय हवे, किती, कोणत्या वाडीत.

माजी विद्यार्थी संघाची बैठक महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता भोजनगृहात आहे. कमानीचा नकाशा तेथे मांडला जाणार आहे. आम्ही आमची कोरी वही घेऊन येऊ. पहिल्या पानावर तेरेखोलकाठच्या त्या वाडीचे नाव लिहिलेले आहे, पुढची पाने येणाऱ्यांनी भरावीत.