लासलगावचा भाव, लंडनचा अर्ज

सप्टेंबर लागला की बारावीतली मुलं पर्सनल स्टेटमेंटचे, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जासोबतच्या निवेदनाचे, खर्डे घेऊन यायला लागतात. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्राची पदवी घ्यायची असते. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, बाकी बहुतेकांची जानेवारीच्या मध्यावर, आणि त्या एवढ्याशा मजकुरावरून घरात ताण वाढलेला असतो. 'मॅडम, फक्त इंग्रजी तेवढं बघून द्या,' असं पालक म्हणतात. इंग्रजी बहुतेकांचं ठीक असतं. मजकूर वाचून संपतो, तरी या मुलाला अर्थशास्त्रातलं नेमकं काय समजून घ्यायचं आहे ते उमगत नाही, आणि खरी अडचण तीच असते.

सुरुवाती ठरलेल्या असतात. आईबरोबर भाजी आणायला गेल्यावर महागाई दिसली. लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाली आणि अर्थव्यवस्थेचं महत्त्व पटलं. 'फ्रीकॉनॉमिक्स' वाचलं आणि जगाकडे बघण्याची दृष्टीच बदलली. यातलं काहीही खोटं नाही. मुलांनी हे खरोखर अनुभवलेलं असतं. पण हजारोंनी अनुभवलेली गोष्ट एकाच शब्दांत सांगितली की तिच्यातून सांगणारा दिसत नाही. ब्रिटनमधले पदवीचे अर्ज 'युकास' या एका केंद्रीय संस्थेमार्फत जातात. त्या संस्थेने २००७ मध्ये जुने अर्ज संगणकावर ताडून पाहिले. तेव्हा दोनशेहून अधिक मुलांनी आठव्या वर्षी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडल्याची एकच आठवण सांगितलेली आढळली. त्यानंतर प्रत्येक निवेदन साधर्म्य शोधणाऱ्या प्रणालीतून जातं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पूर्ण मजकूर लिहून घेऊन तो स्वतःचा म्हणून देणं हीही फसवणूक धरली जाऊ शकते, असं युकासने स्पष्ट केलं आहे. मला मात्र पकडलं जाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा विचार शेवटपर्यंत नेण्याची ही पहिली मोठी संधी असते आणि ती कुणी तरी परस्पर वापरून टाकतं.

आधी आराखड्याबद्दल थोडं. २०२६ च्या प्रवेशापासून एकसंध निबंध गेला आणि तीन प्रश्न आले: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. इंग्रजीत हे जेमतेम सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. पाच पर्याय निवडता येतात आणि पाचही ठिकाणी हाच मजकूर जातो, त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचं नाव घेऊन केलेली स्तुती उरलेल्या चार ठिकाणी वाया जाते. अमेरिकेच्या 'कॉमन अ‍ॅप'चा ६५० शब्दांचा निबंध वेगळा. तिथे माणूस म्हणून तुम्ही कोण आहात ते सांगायचं असतं. तोच निबंध काटछाट करून इकडे पाठवणारी मुलं मी दरवर्षी पाहते. ब्रिटनमध्ये पदवी बहुतेकदा पहिल्या दिवसापासून एकाच विषयाची असते, म्हणून वाचणाऱ्याला त्या विषयात रमलेलं डोकं बघायचं असतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पदवीसाठी सहसा मुलाखतही होत नाही. गुणपत्रकं आणि शिक्षकांचं पत्र सोडलं, तर मुलाचा स्वतःचा आवाज तिथे पोचतो तो एवढाच.

मग त्यात काय असावं? माझं उत्तर गेली अनेक वर्षं एकच आहे: एक खरा प्रश्न, आणि तो सोडवायला गेल्यावर काय झालं त्याची हकिकत.

निफाडकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. घरी कांद्याची शेती. खर्ड्यात त्याने लिहिलं होतं की शेतकऱ्यांची दैना बघून त्याला अर्थशास्त्राकडे वळावंसं वाटलं. वाक्य मनापासूनचं होतं, पण त्यात अर्थशास्त्र नव्हतं. मी विचारलं, 'तुमच्याकडे उन्हाळ कांदा निघतो कधी?' म्हणाला, मार्च ते मे. 'आणि भाव चढतो कधी?' साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नवा लाल कांदा बाजारात यायच्या आधी. 'मग सगळेच तेव्हा का विकत नाहीत?' तो बोलायला लागला. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवलेल्या कांद्याचं वजन घटतं, काही सडतो. जूनमध्ये पेरणीला पैसे लागतात. सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं. ज्याच्याकडे चाळ आहे आणि घरात दुसरी मिळकत आहे तो थांबतो. ज्याला आज पैसे हवेत तो पडत्या भावात विकून मोकळा होतो.

हे सगळं त्याला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की हेच अर्थशास्त्र आहे. आजच्या शंभर रुपयांची चार महिन्यांनंतरच्या दीडशेशी तुलना माणूस कशी करतो, कर्ज न मिळाल्याने ती तुलना कशी बिघडते, साठवणुकीचा खर्च आणि जोखीम कोण उचलतं, ही या शास्त्रातली जुनी आणि जिवंत प्रकरणं आहेत.

पुढचा टप्पा त्याने स्वतःच गाठला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली, शुल्क मात्र राहिलं, आणि तेही गेलं १ एप्रिल २०२५ पासून. त्याच्या घरी चर्चा एवढीच व्हायची की सरकारने मारलं. त्याला प्रश्न पडला की शुल्क भरतो निर्यातदार, मग झळ शेतकऱ्याला का? याचं उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. कराचा भार कायद्याने कोणावर टाकला आहे यापेक्षा कोणाला पळवाट नाही यावर तो खरा कुठे पडतो ते ठरतं. परदेशातला खरेदीदार दुसऱ्या देशाचा कांदा घेऊ शकतो. चाळीतला कांदा नासण्याआधी विकणं भाग असलेला शेतकरी तसं काही करू शकत नाही. मग तो अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या संकेतस्थळावरची लासलगाव बाजार समितीची रोजची आवक आणि भाव घेऊन बसला. आवक कमी तर भाव जास्त, असं साधं चित्र निघेल अशी त्याची अपेक्षा होती. काही महिन्यांत ते निघालं, काही महिन्यांत अजिबात नाही. शुल्काचा परिणाम कुठे संपतो आणि हंगामाचा कुठे सुरू होतो हे त्या दोन रकान्यांतून वेगळं करता येईना. त्याने ते तसंच लिहिलं: मला हे वेगळं करता आलं नाही आणि ते कसं करतात हे शिकायचं आहे.

पहिल्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही. हा विषय का शिकायचा आहे? कारण माझ्या हातातली अवजारं इथे संपली. पदवी घ्यायला याहून प्रामाणिक कारण काय असणार?

मराठी मुलांना हे सांगताना मला नेहमी डॉ. आंबेडकरांचं अर्थशास्त्र आठवतं. ते अर्थातच पदवीच्या पुढचं संशोधन होतं, पण प्रश्न कसा विचारावा याचं आपल्याजवळचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांनी लेख लिहिला. जमिनीचे तुकडे फार लहान आहेत, ते एकत्र करा, अशी तेव्हाची चर्चा होती. त्यांनी विचारलं की लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? एकरावरून जमीन परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही, तिच्यावर किती हात आणि किती भांडवल लागलं आहे यावरून ठरतं. शेतीवर निष्क्रिय हातांचा भार आहे, म्हणून उपाय उद्योगीकरणात शोधावा लागेल, असं ते म्हणाले. पुढे १९२३ मध्ये लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध पुस्तकरूपाने आला. त्यात त्यांनी अर्थशास्त्रज्ञ केन्सने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीलाच आव्हान दिलं. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन सगळ्या निष्कर्षांशी सहमत नव्हते. ते त्यांनी प्रस्तावनेतच सांगितलं आणि मांडणीतल्या ताजेपणाची दादही दिली. अर्ज वाचणारे लोक साधारण याच परंपरेतले असतात. तुमचं मत त्यांना पटायलाच हवं असं नाही. तुम्ही तिथवर कसे पोचलात ते त्यांना दिसायला हवं.

पुस्तकांच्या नावांची माळ लावणाऱ्यांनाही मी हेच सांगते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स' आमच्याकडच्या निम्म्या खर्ड्यांत असतं. ते वाचलंत हे सांगून काही साधत नाही. राजस्थानात लसीकरणाला आलेल्या आईला डाळ दिली की लसीकरण वाढतं, हा त्यातला प्रयोग घ्या आणि विचारा: हेच आमच्या तालुक्यात चालेल का? एका ठिकाणी सिद्ध झालेलं दुसरीकडे लागू होण्यासाठी काय काय सारखं असावं लागेल? एवढ्या चार वाक्यांना दहा शीर्षकांपेक्षा जास्त वजन आहे. वाचलेल्या लेखकाशी एखाद्या ठिकाणी असहमत व्हायलाही हरकत नाही, कारण सांगता आलं तर.

आता गणित, म्हणजे दुसरा प्रश्न. इथे मला जरा कठोर व्हावं लागतं. केंब्रिज, लंडन स्कूल, वॉरिक अशा ठिकाणी अर्थशास्त्राला बारावीपर्यंतचं गणित लागतंच. आपल्याकडे अकरावी कॉमर्सला 'मॅथ्स घेऊ की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)?' हा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, बहुतेकदा मित्रांकडे बघून होतो. एसपी घेतल्यावर हे बहुतेक दरवाजे बंद होतात आणि ते कुठल्याही निवेदनाने उघडत नाहीत. ज्यांनी गणित घेतलं आहे त्यांनी 'मला गणित आवडतं' असं लिहून थांबू नये. अवकलन शिकल्यावर सीमान्त खर्च म्हणजे काय ते पहिल्यांदा लख्ख समजलं असेल, तर ते लिहा. संभाव्यता शिकल्यावर पीकविम्याचा हप्ता कसा ठरत असेल असा प्रश्न पडला असेल, तर तोही लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला मुलं घाबरतात, कारण त्यांच्याकडे इंटर्नशिप नसते, मॉडेल युनायटेड नेशन्सची प्रमाणपत्रं नसतात. घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळणं हे काम आहे. आईच्या बचत गटाचा हिशेब लिहिणं हे काम आहे. आजारी आजोबांची देखभाल करत अभ्यास केला असेल, तर तेही इथे सांगता येतं. गटात कर्ज बुडवणारं माणूस इतकं क्वचित का निघतं, दुकानदार कोणाला उधार देतो आणि कोणाला नाही, हे ज्याने जवळून पाहिलं त्याला माहिती आणि विश्वास यांवरचं अर्थशास्त्र वर्गात बसण्याआधीच भेटलेलं असतं. पैसेवाल्या घरातल्या मुलाला बँकेत आठवडाभर बसवून मिळालेल्या पत्रापेक्षा हे मला मोलाचं वाटतं. पण ते मोल कागदावर उतरवावं लागतं, नुसता उल्लेख पुरत नाही.

आणि इथे ज्युनिअर कॉलेजातल्या शिक्षकांची गरज लागते. शहरातली घरं सल्लागारांना मोठी फी देऊन खर्डे घासूनपुसून घेतात. तालुक्याच्या गावातल्या मुलीला ते शक्य नाही, पण तिला त्याची गरजही नाही. तिला हवा आहे एक वाचक, जो समासात प्रत्येक 'आवड निर्माण झाली'पुढे 'कशामुळे?' आणि प्रत्येक निष्कर्षापुढे 'कशावरून?' लिहील, बाजार समितीचे आकडे कुठे मिळतात ते दाखवील, आणि वाक्यं तिचीच ठेवील. दिवाळीच्या सुट्टीआधी अशा दोन बैठका झाल्या, तर जानेवारीची मुदत आरामात गाठता येते.