घंगाळातली मेथी

चोरबाजारात चोर क्वचितच भेटतात, वाचकहो. भेटतात त्या सेवानिवृत्त वस्तू! मटण स्ट्रीटवरचे गळके पितळी घंगाळ आम्ही हार्बरच्या गाडीने नेरूळला आणले, तेव्हा आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला. पण कुंडीला बुडाशी भोक लागतेच की! फोडणीच्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पेरली. ३-४ दिवसांत कोंब वर. शेजारी तुर्भ्याच्या बाजारात ट्रकांनी भाजी येते, पण ती अशी डोळ्यांदेखत उगवत नाही.

माती मात्र पोत्याने विकत आणावी लागली. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्यापूर्वी या भागात आगऱ्यांची भातशेती होती. ज्यांची खाचरे या इमारतींखाली गेली, त्यांतल्या एक आजी जवळच राहतात. त्या रोज येतात, घंगाळात बोट खुपसून ओल पाहतात आणि सांगतात, “मास्तर, आज पानी नको.”