बंद पडणे वेगळे, पूर्ण करणे वेगळे



काम सुरू करणारे पुष्कळ भेटतात, ते शेवटास नेणारे थोडे. मंडळ निघते, वाचनालय निघते, उद्घाटनाला हारतुरे होतात आणि दोन वर्षांत दाराला कुलूप लागते. ते कुणी बंद केलेले नसते, आपोआप विरून गेलेले असते. बंद पडणे आणि पूर्ण करणे यांतले अंतर दाखवणारे एक उदाहरण आज आम्ही संगीताच्या प्रांतातून घेत आहोत.

लेलँड जेम्स कर्बी हा इंग्लंडमधील स्टॉकपोर्टचा संगीतकार. १९९९ साली त्याने 'द केअरटेकर' या नावाने एकट्याने काम सुरू केले. केअरटेकर म्हणजे वास्तूची देखभाल करणारा माणूस. 'द शायनिंग' या १९८० सालच्या चित्रपटात ओसाड हॉटेलच्या नृत्यगृहात गेल्या काळचे संगीत ऐकू येते. ही कल्पना त्याने तिथून उचलली. सन १९२०-३० च्या सुमाराच्या नृत्यसंगीताच्या जुन्या तबकड्या घ्यायच्या, त्यांची गती मंद करायची, आवाज घुमवायचा आणि सुईची खरखर तशीच राहू द्यायची, ही त्याची पद्धत. अशा संगीताला 'अँबियंट' म्हणतात. ब्रायन ईनो या संगीतकाराने १९७८ साली हे नाव रूढ केले. यात ठेका पुढे येत नाही, गायक मिरवत नाही. दिव्याचा उजेड खोलीत पसरावा तसा हा आवाज पसरून राहतो.

या कामाचा विषय होता माणसाची स्मृती. पुढे नाव झाले, ऐकणारे वाढले. अशा वेळी बहुतेक जण तेच तेच करीत राहतात. कर्बीने मात्र २०१६ साली शेवट जाहीर केला. या नावाच्या कल्पित माणसाला स्मृतिभ्रंश झाला आहे, त्याची अवस्था सहा भागांत ऐकवली जाईल आणि सहाव्या भागानंतर हे नाव संपेल, असे त्याने ठरवले. कर्बीला स्वतःला हा आजार नव्हता. त्याने तो आपल्या कलाकृतीला दिला होता.

'एव्हरीव्हेअर ॲट दि एंड ऑफ टाइम' असे या मालिकेचे नाव. २०१६ ते २०१९ या काळात सहाही भाग आले. एकूण लांबी सुमारे साडेसहा तास. पहिल्या भागात चाली ओळखू येतात, गोडही वाटतात. तिसऱ्यापर्यंत त्या अडखळतात, मध्येच तुटतात. चौथ्यापासून एकीत दुसरी मिसळून नुसता गोंधळ उरतो. सहाव्यात फक्त पोकळ घरघर. अगदी शेवटी मात्र मानवी कंठातले गाणे थोडा वेळ ऐकू येते आणि त्यानंतर मिनिटभर शांतता. उरलेसुरले तुकडेही कर्बीने त्याच वर्षी एका वेगळ्या संग्रहात देऊन टाकले आणि वीस वर्षांचे काम मिटवले. २०२० साली टिकटॉकवरच्या तरुण मुलांनी ही मालिका सलग ऐकण्याची पैज लावली, तेव्हा तिचे नाव जगभर गेले. पण तोवर काम पूर्ण झाले होते.

आता कुणी म्हणेल, साडेसहा तासांची ही खरखर आमच्या काय कामाची? आम्ही म्हणतो, कामाची आहे. आपल्या घरांतही अशी माणसे आहेत. आजी सुनेला ओळखत नाही, बाबा सुटलेल्या नोकरीवर जायला पहाटे डबा मागतात. 'म्हातारी चळली' म्हणून आपण हसतो, नाही तर रागावतो. हे म्हातारपणाचे खूळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. डॉक्टरांना दाखवले पाहिजे. आणि आतून तो कसा वाटत असेल, याची थोडी तरी कल्पना अशा संगीतातून येते. या आजारात पुष्कळदा नावे आधी जातात, चाली मागे राहतात. नातवाचे नाव विसरलेली आजी जात्यावरची ओवी मात्र धरते.

म्हणून आमचे एवढेच सांगणे. घराघरांत एक तरी काम अर्धे पडलेले असते. आईच्या ओव्यांची वही दहाव्या पानावर थांबलेली असते. वडिलांच्या गाण्याच्या कॅसेटी नावाशिवाय पेटीत असतात. मुलांनो, आज मोबाईल हातात आहे. म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, गाणे म्हणवून घ्या, कुणी म्हटले, कुठे आणि कोणत्या साली, ते लिहा. शेवटच्या पानावर तारीख घाला आणि वही घरात सर्वांना दाखवा. वीस वर्षांचे काम एका माणसाने ठरवून पूर्ण केले. आपल्याला तर एक वही पूर्ण करायची आहे, आणि म्हणणारा गळा अजून घरात आहे.