वीणा मोडीत काढण्यापूर्वी

तंजावरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टींचे कौतुक फार : सरस्वती महाल ग्रंथालय आणि तंजावरी वीणा. पहिल्या गोष्टीचा आपण अभिमान बाळगतो. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तो ग्रंथसंग्रह वाढविला आणि त्यातले मोडी कागद आपल्या पूर्वजांच्या हातचे आहेत, हे आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. दुसरी गोष्ट आपण विकत घेतो. घरात शिकवणी सुरू होते; काही वर्षांनी वीणेचे स्वर डळमळू लागतात, आणि मग घरातून निकाल दिला जातो : “ही आता गेली, नवी घेऊ.” माझा वाद या निकालाशी आहे. बहुतेक वेळा वीणा गेलेली नसतेच. गेलेले असते ते तिचे मेण.

वीणेची घडण एकदा नीट पाहिली म्हणजे हे कोणालाही पटेल. फणसाच्या लाकडाचा पोकळ घट, त्याला इकडे कुडम म्हणतात. त्यापासून निघालेली दांडी आणि दांडीच्या टोकाला याळीचे मुख. हे सारे एकाच ओंडक्यातून कोरलेले असेल तर ती एकांड वीणा. दांडीच्या दोन्ही कडांना मेण आणि कोळशाची पूड यांच्या मिश्रणाचे बांध घातलेले असतात आणि त्यांवर धातूचे चोवीस पडदे रोवलेले असतात. या बांधणीला मेळम म्हणतात. वाजविण्याच्या चार तारा आणि तालाच्या तीन, अशा सात तारा तिच्यावर ताणलेल्या असतात. आता यांतले काय झिजते? तारा झिजतात. तार आडवी ओढून गमक काढावा लागत असल्याने पडद्यांवर चरे पडतात. घोडीच्या माथ्यावरील पत्रा घासतो. मेण उन्हाने मऊ पडते आणि पडदा जागचा हलतो. पण ज्या लाकडात नाद साठतो, ते यांतल्या कशानेही बिघडत नाही. मेळम नव्याने बांधणारा कारागीर प्रत्येक पडदा कानाने जुळवून बसवितो. हे काम वीणेच्या आयुष्यात एकदाच नव्हे, अनेकदा करावयाचे असते, हे गृहीत धरूनच हे वाद्य घडविलेले आहे.

आपल्याला हा विचार नवा नाही. तंबोऱ्याची जवारी बिघडली म्हणून कोणी तंबोरा मोडीत काढल्याचे ऐकिवात नाही. आपण तो मिरजेला पाठवितो आणि जवारी काढून घेतो. तंजावरच्या वीणेला २०१३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला तो २०२४ साली मिळाला. मिरजेला जो न्याय लावतो, तो तंजावरला लावताना आपला हात का आखडतो?

ज्यांना हे जुन्या वळणाचे हळवेपण वाटते, त्यांनी विजेवरच्या वाद्यांकडे पाहावे. १९५० ते १९७० च्या दरम्यानचे गिटारचे ॲम्प्लिफायर आजही जाणकार जपून वापरतात. त्यांच्या स्पीकरचा कागदी शंकू फाटला किंवा आतले तारेचे वेटोळे जळले, तर जाणता माणूस सांगाडा आणि चुंबक तसेच ठेवून शंकू व वेटोळे तेवढे नवे बसवितो. कारण गिटारचा स्पीकर हा नुसता निरोप्या नव्हे; वाद्याच्या स्वराला रंग देणारा तो वाद्याचाच एक अवयव आहे. नवा शंकू जुन्यासारखा तंतोतंत बोलत नाही, हे खरे. पण अख्खा स्पीकर बदलला तर फरक त्याहून मोठा पडू शकतो. शिवाय नव्याचा विद्युत्-रोध जुन्या यंत्राशी जुळला नाही, तर यंत्रालाही धोका पोचतो. तात्पर्य एकच : झिजणारे बदलावे, बोलणारे राखावे. यंत्रयुगाच्या कारागिराने जो विवेक सांभाळला, तो फणसाच्या लाकडाच्या बाबतीत आपण गमवावा, हे शोभत नाही.

यावर हिशेबी मंडळी म्हणतील, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. आपण सारे सरकारी नोकर. कंडेम करणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. पण कचेरीतली मोडकी खुर्ची निरुपयोगी ठरवितानाही, सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांप्रमाणे, कारणे नोंदवावी लागतात. घरातली वीणा आपण कारण न नोंदविता, कारागिराला न दाखविता, एका वाक्यात कंडेम करतो! दांडीच वाकली असेल, लाकडाला कीड लागली असेल, तर प्रामाणिक कारागीर स्वतःच तसे सांगेल, आणि तेव्हा नवी घेण्यास माझी हरकत नाही. नवशिक्या मुलाला जोडाची हलकी वीणा दिली, तरी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तपासाविना दिलेल्या निकालाबद्दल.

आणि याच्या उलट टोकाला जाणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. ‘जुने ते सोने’ म्हणत, आजीच्या वीणेला हात लावू न देता ती दिवाणखान्यात भिंतीशी उभी करणारी कुटुंबे काही थोडी नाहीत. वर्षातून एकदा दसऱ्याला हळदकुंकू लागले की झाले. नव्या मेणाने तिचे पावित्र्य जाईल, असे त्यांना वाटते. पण जे वाद्य वाजत नाही, ते जपले कसे म्हणावे? एकाने वीणा टाकून दिली, दुसऱ्याने ती मुकी ठेवली. वीणेच्या दृष्टीने दोघांत फरक तो काय?

तंजावरच्या संगीतावर आपण हक्क सांगतो तो पोकळ नाही. येथील मराठी राजांपैकी पहिल्या तुळजाजींनी (१७२८ ते १७३६) ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचला. पण वीणेचा वारसा त्याहून जुना आहे. आजच्या वीणेच्या रूपाशी नायक घराण्यातील रघुनाथ नायकाचे नाव जोडले जाते. भोसले येथे आले ते नायकांच्या मागून. पूर्वीच्यांचे त्यांनी मोडून टाकले नाही, त्यावर आपली भर घातली. वारसा सांगणाऱ्यांनी ही रीतही सांगावी.

म्हणून तंजावरहून बदलीचा हुकूम हाती येताच सामानाच्या यादीबरोबर आणखी एक काम लिहून ठेवावे : वीणा कारागिराकडे नेणे. मेळम तपासून घ्यावे, घोडी पाहून घ्यावी, तारांचा एक जादा संच मागून घ्यावा, आणि उन्हात तापणाऱ्या ट्रकमध्ये तिला कधीही टाकू नये. कारण नागपूरला किंवा दिल्लीला गेल्यावर मेळम बांधणारा हात सहजी सापडणार नाही. तो हात येथे आहे, आणि त्याला काम मिळाले तरच तो येथे राहील. दुरुस्तीची मजुरी देणारा माणूस केवळ आपली एक वीणा वाचवीत नाही; पुढच्या बदलीवर येणाऱ्याच्या वीणेचीही तो सोय लावून जातो.