नाकाला शब्द हवेत

दिवाळी असो की लग्नसराई, भेटवस्तूंच्या दुकानात सुगंधी बाटल्यांची आरास हमखास असते. काउंटरमागची मुलगी कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारते, पट्टी आपल्या नाकाखाली धरते आणि पाठ केल्यासारखे सांगते, "टॉप नोट सिट्रस आहे, हार्टला जॅस्मिन आणि बेस वुडी-अंबर." आपण गंभीरपणे मान डोलावतो आणि दोन-तीन हजार रुपये मोजून बाहेर पडतो. ती काय म्हणाली हे आपल्याला उमगलेले नसते; पुष्कळदा तिलाही उमगलेले नसते. बँकेतल्या नोकरीत मी कर्जाचे कागद न वाचता सह्या करणारी माणसे रोज पाहिली. ज्या शब्दासाठी पैसे मोजायचे त्याचा अर्थ आधी विचारावा, एवढेच मी त्यांना सांगत असे. सुगंधाच्या बाजारातही हा नियम लावायला हरकत नाही.

'नोट' हा शब्द मुळात संगीतातला, म्हणजे सूर. वासाला स्वतःची परिभाषा नव्हती, म्हणून सुगंधकारांनी ती शेजारच्या घरातून उसनी आणली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या सेप्टिमस पिएस या सुगंधकाराने तर निरनिराळ्या वासांची स्वरपट्टीच मांडली होती. अनेक सूर मिसळून एकजीव झाले की त्याला 'ॲकॉर्ड' म्हणतात, म्हणजे स्वरमेळ. आता टॉप, हार्ट आणि बेस या तीन पायऱ्यांचे रहस्य काव्यात नसून बाष्पीभवनात आहे. लिंबू, संत्रे यांच्या सालीतली तेले हलकी; ती दहा-पंधरा मिनिटांत उडून जातात. ती झाली टॉप नोट. त्यानंतर फुले आणि मसाले काही तास सोबत करतात, ती हार्ट. चंदन, वाळा, कस्तुरीसारखे वास, डिंक आणि राळा ही जड मंडळी. ती दुसऱ्या दिवशीही सदऱ्याच्या बाहीत बसून राहतात, ती बेस. यातून गिऱ्हाइकाने घ्यायचा धडा सरळ आहे. दुकानातल्या पहिल्या फवाऱ्याला भुलू नये. मनगटावर लावून अर्धा-पाऊण तास बाजारात हिंडावे आणि मग ठरवावे. आपल्याला दिवसभर संसार करायचा असतो तो बेसशी. टॉप नोट म्हणजे लग्नातले सनई-चौघडे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी, की नोट म्हणजे घटक नव्हे. बाटलीवर मोगरा लिहिले म्हणजे आत मोगऱ्याचा अर्क आहेच असे नाही; नाकाला मोगरा भासतो, एवढाच त्याचा अर्थ. 'लिली ऑफ द व्हॅली' या फुलातून सुगंधाच्या धंद्याला उपयोगी पडेल असा अर्क निघतच नाही, तरी त्याच्या नावाचा सुगंध जगभर विकला जातो, कारण तो प्रयोगशाळेत जुळवलेला असतो. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. नाटकातला राजा खरा राजा नसतो हे आपल्याला ठाऊक असतेच. मात्र बाटलीच्या मागे घटकांची यादी पाहिली, तर अल्कोहोल आणि पाणी यांच्या शेजारी पुष्कळदा 'परफ्यूम' एवढा एकच शब्द दिसतो. ताळेबंदातल्या 'किरकोळ खर्च' या खात्यासारखा तो आहे. सगळे महत्त्वाचे त्याच्यात दडलेले असते.

नावांच्या गर्दीत पैशाशी थेट संबंध असलेली नावे वेगळीच आहेत. 'एक्स्ट्रे' किंवा नुसते 'पार्फम' यात सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के, 'ओ द पार्फम'मध्ये १५ ते २०, 'ओ द टॉयलेट'मध्ये ५ ते १५ आणि कोलनमध्ये त्याहून कमी. हे धंद्यातले संकेत आहेत आणि कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात. 'ओ' म्हणजे फ्रेंचमध्ये पाणी. आणि त्या 'टॉयलेट'चा आपल्या संडासाशी संबंध नाही. 'तुआलेत' म्हणजे नटणे-सजणे, साजशृंगार. कोलन हे तर जर्मनीतल्या कोलोन शहराचे नाव. मूळच्या इटलीच्या फरिना घराण्याने १७०९ मध्ये तिथे पेढी थाटली आणि संत्र्या-लिंबांच्या वासाचे हे पाणी युरोपभर गेले. आपल्याकडच्या जुन्या घरांत ते 'यूडीकोलन' होऊन औषधांच्या फळीवर बसले. ताप चढला की कपाळावर यूडीकोलनच्या पट्ट्या ठेवत. आपल्या एका पिढीच्या नाकात तो वास सुगंध म्हणून नव्हे, तर आजारपण म्हणून नोंदला गेला आहे.

काही शब्द मात्र निव्वळ कल्पनेतून जन्मले. 'फूजेर' म्हणजे नेचे. नेच्याला सांगण्यासारखा सुवास नसतो. पण १८८२ मध्ये हूबिगां कंपनीच्या पॉल पार्के याने कूमरिन हे कृत्रिम द्रव्य वापरून 'फूजेर रोयाल' बनवले, आणि पुढे पुरुषांच्या सुगंधाचे एक अख्खे घराणेच त्या नावाने ओळखले जाऊ लागले. 'शिप्र' म्हणजे सायप्रस बेट. फ्रांस्वा कोटी याने १९१७ मध्ये त्या नावाचा सुगंध आणला आणि ते नावही एका घराण्याचे झाले. 'ओरिएंटल' म्हणजे पूर्वेकडचा. आपण पूर्वेकडे राहूनही ज्याला कधी पौर्वात्य म्हटले नसते, असा व्हॅनिला आणि राळांचा गोड, जड वास. अलीकडे हा शब्द अनुचित मानून धंद्यातल्या पुष्कळांनी त्याऐवजी 'अंबर' वापरायला सुरुवात केली आहे.

या अंबरने आणखी घोळ घातला आहे. एक अंबर म्हणजे तृणमणी, झाडाची अश्मीभूत राळ. दुसरा अंबरग्रीस, तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. 'व्हेलची उलटी' विकताना अटक, अशा बातम्या आपल्या किनारपट्टीवरून अधूनमधून येतात त्या याच्याच, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे. आणि बाटलीवरचा अंबर तिसराच. तो राळा आणि व्हॅनिला यांचा मेळ असतो. त्यात ना मणी, ना मासा.

हे सगळे उसने शब्द पाहून वाटते, की वासाला स्वतःचे शब्द नसतातच की काय? आपल्या पंडितांचा अनुभव फार वेगळा नाही. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त रंग सात, रस सहा आणि गंध मात्र दोनच, सुरभी आणि असुरभी. पण पंडितांची गोष्ट वेगळी आणि स्वयंपाकघराची वेगळी. जुने खोबरे खवट, पावसाळ्यातली ट्रंक कुबट, बंद खोली कोंदट, कच्ची भाजी हिरवट, लागलेले दूध करपट, उतरलेले ताक आंबूस. भाजलेले बेसन खमंग, आंबेमोहोराचा भात शिजताना घमघमाट, जाईचा दरवळ, गटाराचा भपकारा, स्पिरिटचा दर्प. यातला एकही शब्द संगीतातून आणलेला नाही. प्रत्येक शब्द म्हणजे एक निदान आहे. खवट म्हटले की तेलाचे काय झाले ते कळते. कुबट म्हटले की ओल कुठे मुरली ते शोधता येते. 'घरात वास येत होता' असे कादंबरीत लिहिले तर वाचकाला काहीच मिळत नाही. 'कुबट' म्हटले की बंद दारे, पाऊस आणि न उघडलेली कपाटे आपोआप उभी राहतात.

हे फक्त आपल्याच वाट्याला आले आहे असेही नाही. मलाय द्वीपकल्पातल्या जंगलात जहाई नावाचे लोक राहतात. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्त या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की इंग्रजी बोलणारी माणसे वासाचे नाव सांगताना चाचपडतात, पण जहाई रंगाइतक्याच सहजपणे वास सांगतात. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांच्यात नाकाला झोंबणारे जे समान असते, त्याला त्यांच्याकडे एकच शब्द आहे. म्हणजे नाक मुके नसते. भाषा वापरात असली की ते बोलते.

पहिल्या पावसाच्या वासाचेच पाहा. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी त्याला 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ मध्ये दिले. विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा कवितासंग्रह १९५४ चा. म्हणजे शास्त्राला शब्द सापडण्याआधी दहा वर्षे तो मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होता! आणि कनौजचे अत्तरवाले तर भाजलेली माती तांब्याच्या डेगीत घालून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवत आले आहेत. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी उजेडात आणलेल्या 'गंधवाद' या सुगंधविद्येच्या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका आहे. दुकानात मुकाट्याने मान डोलावण्याइतके आपण या विषयात नवखे नाही.

यात नुसत्या भाषाभिमानाचा प्रश्न नाही. २०२० च्या कोविडमध्ये अनेकांचे नाक बंद पडले. पुढे काहींना वास परत आला तो विपरीत होऊन. कांदा-लसूण, कॉफी नकोशी झाली. "कसा वास येतो?" असे डॉक्टरांनी विचारले तर "विचित्र" यापलीकडे सांगता येईना. जर्मनीच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये गेलेल्या वासासाठी एक व्यायाम सुचवला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, लक्ष देऊन हुंगायचे. म्हणजे नाकालाही तालीम लागते. आणि नाक हा घरातला पहारेकरीच आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. तो वास ओळखून ओरडणारे कुणी घरात हवे.

आज मुले नाक मुरडून "वास येतोय" एवढेच म्हणतात. कसला, ते सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही. एअर फ्रेशनर मारून मोकळे होतो. त्यामुळे वास जातो आणि त्याचा शब्दही जातो. येत्या रविवारी नातवंडांना डोळे मिटून बसवा. हिंगाची डबी, सुके खोबरे, जुने पुस्तक, धुतलेले पांघरूण, कढीपत्ता असे एकेक त्यांच्या नाकाशी धरा आणि नाव ओळखायच्या आधी वास कसा आहे ते सांगायला लावा. शब्द अडला तर तुम्ही द्या. तुम्हालाही अडला, तर घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना विचारा. तिच्यापाशी तो बहुधा असेल.