जादूचे तक्ते

अद्भुतकथांचा अभ्यास करणाऱ्या तरुण मंडळींत सध्यां एक नवी विद्या उदयास आली आहे. तिला जादूचें वर्गीकरण असें म्हणतात. परवां आमच्या एका विद्यार्थ्यानें टोल्किनच्या कादंबरीवर निबंध म्हणून जें कांहीं आणून दिलें, तो निबंध नव्हता, तक्ता होता. डाव्या रकान्यांत जादूचे प्रकार, उजव्या रकान्यांत त्यांचे नियम, आणि शेवटीं प्रत्येकास ‘हार्ड’ किंवा ‘सॉफ्ट’ असा शिक्का. निबंध कोठें आहे, असें विचारतां तो म्हणाला, “सर, हाच निबंध.” त्याच्या बुद्धीविषयीं आम्हांस शंका नाहीं, ज्या समजुतीनें ती बुद्धि तक्त्यांत कोंडली, तिच्याशींच आमचें भांडण आहे.

या शिक्क्यांना चलन मिळालें तें ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराच्या २००७ सालच्या एका लेखामुळें. त्याचा सिद्धान्त थोडक्यांत असा : जादूनें कथेंतलें संकट किती समाधानकारकपणें सोडवितां येईल, हें वाचकाला ती जादू किती समजली आहे यावर अवलंबून असतें. हा सिद्धान्त खरा आहे, हें प्रथमच कबूल करूं. ऐन अडचणीच्या क्षणीं आकाशांतून देव उतरवून नायकास सोडविणें हा लेखकाचा आळस होय. पण हा नियम कशाविषयीं आहे? वाचकाला काय सांगावें आणि केव्हां सांगावें याविषयीं, म्हणजे निवेदनाविषयीं. जी जादू पहिल्या प्रकरणांत अगम्य वाटते, तिचे नियम विसाव्या प्रकरणांत कळले, तर ती मृदूची कठीण झाली काय? बदललें तें वाचकाचें ज्ञान. खोलींत दिवा लावल्यानें सामानाची जात पालटत नाहीं. लेखकासाठीं घालून दिलेला कारागिरीचा नियम उचलून त्याचें जादूचें जातिशास्त्र करणें, ही पहिली चूक.

दुसरी चूक अशी कीं, जादूचे वर्ग पाडतांना तिच्या यंत्रणेपलीकडे पाहावयाचेंच नाहीं. जेम्स फ्रेझरनें १८९० सालीं प्रथम प्रसिद्ध होऊन पुढें वाढत गेलेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथांत जादूचे दोन वर्ग पाडले : सादृश्यावर चालणारी आणि संसर्गावर चालणारी. शत्रूची बाहुली करून तिला टाचण्या टोंचणें हा पहिला प्रकार. त्याचे केस वा नखें मिळवून त्यांवर प्रयोग करणें हा दुसरा. फ्रेझरच्या दृष्टीनें जादू म्हणजे चुकलेलें विज्ञान. म्हणून त्याचे वर्ग हे विचारांतल्या दोन चुकांचे वर्ग होते. पण कल्पित सृष्टींत जादू खरोखरच चालते. तेथें चूक नाहीं, म्हणून फ्रेझरचा पायाही नाहीं. तेथें जादू हें सामर्थ्य आहे, आणि सामर्थ्याविषयीं पहिला प्रश्न ‘तें कसें चालतें’ हा नसून ‘तें कोण, कशासाठीं वापरतो आणि त्याची किंमत कोण देतो’ हा होय.

वर्गीकरणच नको, असें आमचें म्हणणें आहे, असा समज कोणीं करून घेऊं नये. उत्तम लेखकांनीं स्वतः वर्ग पाडले आहेत. टोल्किननें १९५४ सालच्या एका पत्राच्या मसुद्यांत ‘मागिया’ आणि ‘गोएतेइया’ असे दोन प्रकार सांगितले : पहिली वस्तूंत खरा पालट घडविणारी, दुसरी भास उत्पन्न करणारी. पण लगेच तो सांगतो कीं, यांपैकीं कोणतीही स्वभावतः बरी वा वाईट नाहीं. हेतूनें ती तशी ठरते, आणि दुसऱ्याच्या इच्छेवर सत्ता गाजविणें हा सर्वांत वाईट हेतु. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्यें ती अंगठी कशी चालते, हें तो फारसें उलगडीत नाहीं; ती हातीं आली तर गँडाल्फ काय होईल, हें मात्र स्पष्ट सांगतो. भलें करण्याच्या इच्छेनेंच आपण बिघडूं, हें ओळखून गँडाल्फ ती नाकारतो. हा प्रसंग तक्त्याच्या कोणत्या रकान्यांत बसवावयाचा?

ले ग्विनच्या ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरींत तर रोक बेटावर जादूची शाळाच आहे, नऊ आचार्य आहेत, अभ्यासक्रम आहे. गारगोटी हिऱ्यासारखी दिसेल असा भास करणें सोपें. पण तिचें खरें नांव पालटून तिचा हिरा करणें म्हणजे जगाचा तोल हलविणें, असें तेथला गुरु बजावतो. भास आणि पालट हा भेद येथें जबाबदारी मोजण्यासाठीं आहे. गेड हा विद्यार्थी अत्यंत तल्लख. ईर्ष्येच्या भरांत तो मृतात्म्यास बोलावतो आणि एक काळी छाया जगांत मोकळी सुटते. ती फट बुजवितांना वृद्ध आर्चमेजचा प्राण जातो. गेडला जादूचे प्रकार ठाऊक होते. स्वतःचा गर्व ठाऊक नव्हता.

आपल्याकडे हा विचार नवा नाहीं. पतंजलीनें योगसूत्रांत सिद्धींचे उगमावरून पांच प्रकार केले : जन्म, औषधि, मंत्र, तप आणि समाधि. पण त्याच ग्रंथांत या सिद्धि समाधीच्या वाटेंतले अडथळे आहेत, असेंही बजावलें. वाघावर बसून आलेला चांगदेव आणि भिंत चालविणारे ज्ञानदेव, ही आख्यायिका घरोघरीं ठाऊक आहे. चमत्कार दोन्हीकडे आहे. भिंत कोणत्या नियमानें चालली, हें आजीनें कधीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. चांगदेवाचा गर्व उतरला, हें मात्र पांच वर्षांच्या पोरालाही कळलें.

कोणी म्हणेल, हा सारा खेळ आहे. पोरांनीं तक्ते केले तर बिघडलें काय? बिघडतें तें असें. सामर्थ्य कसें चालतें एवढेंच विचारण्याची संवय कथा वाचतांना लागली, कीं ती कथेपाशीं थांबत नाहीं. यंत्रें आणि त्यांचे नियम जाणणारीं माणसें आज पुष्कळ आहेत. त्यांची किंमत कोणाला मोजावी लागते, हें विचारणारीं थोडीं. अद्भुतकथा हा प्रश्न विचारावयास शिकविते, आणि आम्ही तिच्याच पानांवर रकाने आंखून तो पुसून टाकतों.

त्या विद्यार्थ्याला आम्हीं तक्ता परत दिला आणि त्यांत आणखी एक रकाना वाढवावयास सांगितला : ‘किंमत कोणीं दिली?’ आठवड्यानें तो आला तेव्हां हातांत तक्ता नव्हता. त्या एका रकान्यांत मजकूर मावेना, म्हणून त्यानें निबंध लिहून आणला होता.